पासपोर्टातला ‘लेट’ : एका शब्दाचं प्रकरण

दर रविवारी सकाळी ठाण्यात घरीच मी भाषांतराचा एक छोटा वर्ग घेते. सहा-सात जण येतात, कोणी नोकरी करणारं कोणी नुकतंच ग्रॅज्युएट झालेलं, आणि नियम एकच आहे की घरात जो छापील इंग्रजी कागद हाताला लागेल तो आणायचा आणि त्यातल्या चार ओळी मराठीत करून दाखवायच्या. औषधाच्या खोक्यातली घडी, मिक्सरचं वॉरंटी कार्ड, बँकेचं पत्र, काहीही चालतं. पुस्तकातले उतारे मी मुद्दाम देत नाही, ते आधीच कोणीतरी निवडून निसून ठेवलेले असतात, घरातल्या कागदात मात्र शब्द जिथे पडला तिथे पडलेला असतो आणि खरी अडचण तिथेच येते.

त्या रविवारी एका मुलीने वडिलांचा पासपोर्ट आणला होता. वडील एसटीतून रिटायर झालेले, मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले, त्यामुळे पासपोर्ट कपाटातून बाहेरच होता. तिने निवडलं ते सुरुवातीचं निवेदन, राष्ट्रपतींच्या नावाने केलेली ती विनंती, आपण सगळ्यांनी शंभरदा पासपोर्ट उघडलेला असतो पण ते वाक्य पूर्ण वाचलेलं नसतं. त्यातला कळीचा भाग असा: ‘टू अलाउ द बेअरर टू पास फ्रीली विदाउट लेट ऑर हिंडरन्स’. आणि तिने लिहिलं होतं, ‘धारकास परवानगीविना व अडथळ्याविना मुक्तपणे जाऊ द्यावे’.

वाचून दाखवलं तेव्हा कोणाच्या कानाला काही खटकलं नाही, खरं सांगते, पहिल्या क्षणाला मलाही नाही. ही चूक धोक्याची का आहे ते इथेच कळतं, कारण चुकीचं वाक्य बेढब असलं तर लगेच पकडता येतं पण हे वाक्य तर सरळ वाटत होतं, की बाबा याला परवानगी मागायला लावू नका, अडवू नका, जाऊ द्या. विदाउट म्हणजे शिवाय, लेट म्हणजे परवानगी देणं, म्हणजे परवानगीशिवाय. हिशोब बरोबर.

खटकलं ते तिच्या वडिलांना. तिने आदल्या रात्री घरी वाचून दाखवलं तर ते म्हणाले, ‘अगं परवानगीशिवाय कसं? मग मी व्हिसासाठी बीकेसीला दोन चकरा कशाला मारल्या?’ तिने ते वर्गात सांगितलं आणि सगळे एकदम जागे झाले. म्हणजे बघा, ज्या माणसाला इंग्रजीचा एरवी फारसा संबंध नाही त्याने अर्थाच्या बाजूने बोट ठेवलं, आणि आम्ही शब्दाच्या बाजूने वाक्य पास करून बसलो होतो. कुठलंही सरकार दुसऱ्या देशाला असं लिहून कसं देईल की आमच्या माणसाला तुमच्या परवानगीची गरज नाही? पासपोर्ट ही विनंती आहे, आत येऊ द्यायचं की नाही हे समोरचा देश ठरवतो, व्हिसा त्यासाठीच असतो.

मग वाक्य परत बघितलं. त्यात ‘अलाउ’ आधीच आहे. ‘अलाउ’ म्हणजे जाऊ द्या, आणि लेटचाही अर्थ जाऊ देणं असेल तर वाक्य असं होतं की ‘जाऊ न देता जाऊ द्या’. मी म्हटलं, इथे काहीतरी दुसरंच आहे, हा लेट आपल्या ओळखीचा लेट नाहीये. लगेच वर्गात तीन मतं पडली. एक जण म्हणाला छापताना चूक झाली असेल. दुसरी म्हणाली की जुनी इंग्रजी आहे, अर्थ लावत बसू नये, सरळ ‘मुक्तपणे’ लिहून सोडून द्यावं. आणि कुरियरच्या ऑफिसात काम करणारा एक मुलगा आहे, फार बोलत नाही, तो हळूच म्हणाला, ‘ताई, लेट म्हणजे लेट ना? उशीर. उशीर न करता आणि अडथळा न करता.’

सगळ्यांनी त्याला तिथल्या तिथे दुरुस्त केलं. मीही केलं. म्हटलं अरे तो लेट वेगळा, त्याचं स्पेलिंग वेगळं, आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो म्हणून तुला तसं वाटतंय. आणि ते खरंही आहे, मराठीत ए एकच, त्यामुळे इंग्रजीतला आखूड ए आणि लांबलेला ए दोन्ही आपल्याकडे एकाच मात्रेत जातात, लिहायचा पेन आणि दुखण्याचा पेन जसा एकच दिसतो तसं. ‘ट्रेन लेट आहे’ मधला लेट आणि ‘टू लेट’ च्या बोर्डावरचा लेट आपण डोळे मिटून सारखाच लिहितो. तो गप्प बसला. त्याला गप्प करण्याची मला फार घाई झाली हे पुढे लक्षात आलं, आणि त्याची चुटपुट अजून आहे, म्हणून हे सगळं प्रकरण नीट लिहून काढतेय.

पहिला पुरावा तर त्याच पानावर होता आणि आम्ही बघितलाच नव्हता. भारतीय पासपोर्टात हे निवेदन हिंदीतही असतं. हिंदीत लिहिलंय की वाहकाला ‘बिना रोक-टोक, आज़ादी से आने-जाने दें’. रोक-टोक! म्हणजे लेट ऑर हिंडरन्स या जोडीला हिंदी करणाऱ्याने जोडीच दिली, रोक आणि टोक, आणि दोन्ही अडवण्याचेच शब्द. परवानगीचा पत्ताच नाही. मुलगी म्हणाली, ‘ताई मी हिंदी वाचलंच नाही, मला वाटलं त्यावरून केलं तर कॉपी होईल.’ मला तिचं कौतुकच वाटलं, पण तिला सांगितलं की भाषांतरात शेजारच्या भाषेत काय केलंय ते बघणं म्हणजे कॉपी नाही, साक्षीदाराला विचारण्यासारखं आहे ते.

दुसरा पुरावा तिच्याच घरातून आला. तिच्या भावाचा मुलगा तिकडे जन्मलेला, त्याचा पासपोर्ट अमेरिकन. मी म्हटलं वहिनीला सांग, फोटोचं पान नको, फक्त त्या निवेदनाच्या ओळीचा फोटो पाठव. न्यू जर्सीत रात्र होती पण वहिनी जाग्या होत्या, दहा मिनिटात व्हॉट्सॲपवर फोटो आला. अमेरिकन पासपोर्टात तेच निवेदन, जवळजवळ तीच घडण, पण शब्द आहेत ‘टू पास विदाउट डिले ऑर हिंडरन्स’. लेटच्या जागी डिले. उशीर! आता आमच्या कुरियरवाल्याकडे मी बघितलं आणि तो खाली वहीत बघत होता.

इथून पुढे मी डिक्शनऱ्या काढल्या, आणि एका रविवारचं काम तीन रविवार चाललं.

आजच्या इंग्रजीत एकच दिसणारा हा लेट मुळात दोन वेगळी क्रियापदं आहेत. हजारेक वर्षांपूर्वीची जी जुनी इंग्रजी, अँग्लो-सॅक्सन लोकांची, तिच्यात एक क्रियापद होतं ‘लॅटन’, त्यातला ॲ लांबवलेला, आणि त्याचा अर्थ सोडणं, जाऊ देणं, मागे ठेवणं, करू देणं. आपला नेहमीचा लेट तो हा. जर्मनमधला ‘लासन’ आणि डचमधला ‘लाटन’ ही त्याचीच भावंडं. घर भाड्याने देणं हा अर्थही यातूनच आला, म्हणजे आपलं घर दुसऱ्याच्या हाती सोडणं, म्हणून सोसायटीच्या गेटवर ‘टू लेट’ चा बोर्ड लागतो. दुसरं क्रियापद होतं ‘लेट्टन’, ए आखूड आणि ट वर जोर, आणि त्याचा अर्थ अडवणं, खोळंबून ठेवणं. डचमध्ये आजही ‘बेलेट्टन’ म्हणजे अटकाव करणं. म्हणजे एक सोडणारा आणि एक अडवणारा. ऐकायला वेगळे, अर्थाने उलटे, त्यामुळे त्या काळी कोणाचा घोटाळा होण्याचं कारण नव्हतं.

घोटाळा नंतर झाला. पुढच्या काही शतकांत इंग्रजी शब्दांच्या शेपट्या झडत गेल्या, ‘लॅटन’ चा स्वर आखडला, ‘लेट्टन’ चा दुहेरी ट सैल झाला, आणि दोन्ही येऊन एकाच ठिकाणी थांबले, लेट. एकच उच्चार, एकच स्पेलिंग, अर्थ मात्र एकाचा जा आणि दुसऱ्याचा थांब. असं काही काळ दोघं एकत्र राहिलेही, शेक्सपिअरच्या काळात दोन्ही चालू होते. हॅम्लेट नाटकाच्या पहिल्या अंकात बापाचं भूत हॅम्लेटला खुणावतंय, त्याला त्याच्या मागे जायचंय, आणि सोबतचे दोघं त्याला धरून ठेवतात तेव्हा तो ओरडतो की ‘आय विल मेक अ घोस्ट ऑफ हिम दॅट लेट्स मी’. आजच्या अर्थाने वाचलं तर होतं, जो मला जाऊ देईल त्याचं मी भूत करीन! खरा अर्थ आहे, जो मला अडवेल त्याचं भूत करीन. १६११ च्या इंग्रजी बायबलात तर थेसलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात ‘ही हू नाउ लेटेथ विल लेट’ असं आहे, म्हणजे जो आत्ता अडवून धरतोय तो अडवतच राहील, आणि नंतरच्या भाषांतरकारांना तिथे शब्द बदलावा लागला कारण साधा वाचक तो उलटाच वाचायला लागला.

असे दोन उलटे शब्द एका रूपात आले की भाषा बहुतेक वेळा एकाला घराबाहेर काढते. इथे अडवणारा लेट गेला, त्याचं काम हिंडर, प्रिव्हेंट, स्टॉप यांनी घेतलं. पण पूर्ण गेला नाही, दोन ठिकाणी राहिला, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त गोडी याच भागाची लागली. एक म्हणजे कायद्याच्या भाषेत आणि दुसरं खेळाच्या कोर्टवर.

कायद्यातलं उदाहरण वर्गातच निघालं. वकिलाच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या एक काकू येतात, त्यांनी पुढच्या आठवड्यात लीज डीडचा एक नमुना आणला, नावं-पत्ते खोडून. अशा कागदांत ठरलेलं कलम असतं की भाडेकरूने जागा शांतपणे वापरावी, मालकाकडून ‘विदाउट एनी लेट ऑर हिंडरन्स’. आणि त्याच्या आधी दोन कलमं वर लिहिलेलं होतं की भाडेकरूने जागा ‘सबलेट’ करायची नाही! एकाच कागदावर, चार बोटांच्या अंतरावर, दोन्ही लेट. सबलेटमधला सोडणारा, लेट ऑर हिंडरन्समधला अडवणारा. काकू म्हणाल्या, ‘मी वीस वर्षं हे टाइप करतेय, मला वाटायचं दोन्हीकडे भाड्याचाच लेट आहे, म्हणजे मालकाने परत दुसऱ्याला भाड्याने देऊ नये असं काहीतरी.’ बघा, त्यांनीही एक पटेलसा अर्थ लावून ठेवला होता.

कायद्याच्या इंग्रजीला दोन-दोन शब्द जोडीने वापरायची सवय आहे, नल अँड व्हॉइड, एड अँड अबेट, तशीच ही जोडी. जोडीतला एक शब्द म्हातारा झाला तरी दुसरा त्याचा हात धरून त्याला चालवत राहतो. हिंडरन्स शेजारी आहे म्हणूनच लेटचा अर्थ अजून शाबूत आहे, तो काढून नुसतं ‘विदाउट लेट’ ठेवलं असतं तर कधीच उलटा झाला असता. आपल्या पासपोर्टात हे वाक्य आलं ते ब्रिटिश पासपोर्टातून, तिकडे राजाच्या नावाने आणि इकडे राष्ट्रपतींच्या नावाने, पण ‘लेट ऑर हिंडरन्स’ तस्संच.

खेळातलं तर आपण सगळ्यांनी ऐकलंय. सोसायटीत टेबल टेनिस चालू असतं, सर्व्हिसचा बॉल नेटला घासून पलीकडे पडतो आणि पोरं ओरडतात ‘लेट! लेट!’ आणि सर्व्हिस परत होते. लहानपणी मला वाटायचं की बॉल उशिरा पोचला म्हणून लेट. काहींना वाटतं की ते ‘नेट’ आहे. बहुतेक जाणकार तो अडथळ्याचा लेटच मानतात, म्हणजे मध्ये काहीतरी आलं, हा पॉइंट धरायचा नाही, परत खेळा. स्क्वॉशमध्ये तर हा अर्थ अगदी उघड दिसतो, कारण तिथे दोघं एकाच बाजूला खेळतात, समोरचा वाटेत उभा राहिला आणि बॉलपर्यंत जाता आलं नाही की खेळाडू थांबतो आणि रेफरीला म्हणतो ‘लेट प्लीज’. म्हणजे माझी वाट अडली. तिथे तो परवानगी मागत नसतो, अडथळ्याची तक्रार करत असतो.

आता कुरियरवाल्या मुलाकडे येते. अडवणारा ‘लेट्टन’ कुठून आला हे शोधताना डिक्शनरीत पुढची ओळ वाचली आणि मी मिनिटभर तशीच बसले. जुन्या इंग्रजीत ‘लॅट’ असं एक विशेषण होतं, आखूड ॲ चं, त्याचा अर्थ संथ, रेंगाळणारा, मंद. आजचा ‘लेट’, उशिराचा, तो त्याच विशेषणाचा वंशज. आणि ‘लेट्टन’ हे क्रियापद त्याच विशेषणावरून बनलेलं, शब्दशः अर्थ ‘संथ करणं, उशीर करायला लावणं’. उशीर करायला लावणं म्हणजेच खोळंबा, खोळंबा म्हणजेच अडवणं. म्हणजे पासपोर्टातला लेट आणि ‘ट्रेन लेट आहे’ मधला लेट खरोखर बाप-लेकाच्या नात्यातले आहेत. तो पोरगा स्पेलिंगने चुकला होता आणि वंशावळीने बरोबर होता. अमेरिकन पासपोर्ट लिहिणाऱ्यांनी लेटच्या जागी डिले घातलं ते त्या शब्दाच्या जन्माच्या अर्थापाशीच जाऊन पोचलं.

मी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर त्याला सांगितलं की तू बरोबर होतास आणि मी घाई केली. तो नुसता हसला आणि म्हणाला, ‘आमच्याकडे पार्सल लेट झालं म्हणजे कुठेतरी अडलंय असाच अर्थ असतो ताई.’ आणि खरंच की, भिवंडीच्या गोडाऊनला गाडी अडली तर ट्रॅकिंगवर लेट दिसणार. व्युत्पत्तीच्या ग्रंथात जे आहे ते त्याला रोजच्या कामातून माहीत होतं.

गंमत इथेही संपत नाही, कारण खूप मागे गेलं तर सोडणारा ‘लॅटन’ सुद्धा त्याच मुळाशी जाऊन भिडतो. अभ्यासक जे मूळ धरतात त्याचा अर्थ सैल सोडणं, ढिलं पडणं असा. हातातली दोरी सैल सोडली की समोरचा सुटला, तो एक अर्थ, जाऊ देणं. आणि माणूस स्वतःच ढिला पडला की तो रेंगाळला, त्याला उशीर झाला, तो दुसरा. लॅटिनमधला ‘लास्सुस’ म्हणजे थकलेला, हाही त्याच कुळातला. म्हणजे एकाच सैलपणातून एक फांदी मोकळं करण्याकडे गेली आणि दुसरी खोळंबून ठेवण्याकडे, आणि हजारो वर्षांनी दोन्ही फांद्या वळून परत एकमेकींना चिकटल्या, इतक्या की वेगळ्या ओळखू येईनात. मला हे वाचताना खरंच अंगावर काटा आला.

याच घरातला आणखी एक शब्द म्हणजे ‘लास्ट’. संथ, त्याहून संथ, सगळ्यात संथ, या शेवटच्या रूपाचं ‘लॅटोस्ट’ होतं आणि त्याचं झालं लास्ट. लास्ट लोकल म्हणजे सगळ्यात उशिराची लोकल, अक्षरशः. पण ‘बॅटरी खूप लास्ट करते’ मधला लास्ट मात्र याचा कोणी नाही, तो पावलाचा ठसा या अर्थाच्या शब्दावरून आला, ठशामागून चालत राहणं, म्हणून टिकणं. आणि बूट शिवताना पायाच्या आकाराचा जो लाकडी साचा वापरतात त्यालाही इंग्रजीत लास्टच म्हणतात, तो या पावलाच्या ठशाचा. सारखे दिसतात म्हणून नातेवाईक आणि वेगळे दिसतात म्हणून परके, असं शब्दांत धरून चालता येत नाही. वर्गात मग सगळ्यांनी लेटवाल्या शब्दांची सरबत्ती केली. आउटलेट? हो, तो सोडणाऱ्या लेटचा, पाणी बाहेर सोडायची जागा. बुकलेट, लीफलेट? नाही, ते शेपूट फ्रेंचकडून आलेलं, लहान दाखवणारं. लेटर लॅटिन, अक्षर या अर्थाचा. सॅलडमधला लेट्यूस पण लॅटिन, त्याच्या नावात दूध आहे कारण देठ तोडला की पांढरा चीक येतो. लीथल म्हणजे प्राणघातक, तोही लॅटिन. यादी लांबत चालली तशी मी थांबवली, कारण आमचं वाक्य अजून मराठीत व्हायचं होतं.

आणि मराठीत करायला घेतलं तर आमच्याच घरात तेच निघालं.

काकूंनी सुचवलं, ‘हरकत’ वापरू. ‘कोणतीही हरकत न घेता जाऊ द्यावे’. कायद्याच्या मराठीला शोभणारा शब्द, ना हरकत दाखला आपण ग्रामपंचायतीपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे मागतो, ‘हरकत नाही’ तर दिवसातून वीसदा म्हणतो. पण हरकत हा शब्द मुळात अरबी, आणि अरबीत त्याचा अर्थ हालचाल, गती! हिंदीत तो कृती, खोडी या अर्थाने चालतो. मराठीत मात्र त्याचा अर्थ अडथळा, आक्षेप असा झाला, म्हणजे चालण्याचा शब्द थांबवण्याचा झाला. आणि तरी जुना अर्थ गेला नाही, तो आपल्या गाण्यात जाऊन बसला, गायकाने सुरांत एखादी चपळ वळणाची जागा घेतली की आपण म्हणतो काय सुंदर हरकत घेतली. हरकत घेणे, दोन्हीकडे तेच दोन शब्द. सभेत हरकत घेतली तर काम थांबलं आणि मैफलीत हरकत घेतली तर गाणं खुललं. आपला कधी गोंधळ होतो का? नाही होत, जसा ‘परवा गेलो होतो’ आणि ‘परवा जाणार आहे’ मध्ये होत नाही. तसाच हॅम्लेट बघायला आलेल्या लंडनकरांचाही लेटबद्दल होत नसणार. बाहेरून येणाऱ्या माणसाचा होतो, आणि चारशे वर्षांनंतर येणारा वाचक हाही बाहेरचाच माणूस. फरक एवढा की हरकत हा एक शब्द दोन दिशांना गेला आणि लेटमध्ये दोन शब्द एका ठिकाणी आले.

शेवटी हरकत आम्ही घेतला नाही, कारण त्यात तोंडी किंवा लेखी आक्षेपाचा वास जास्त येतो आणि इथे सीमेवर माणसाला शरीराने अडवू नका असं म्हणायचंय. जुन्या मोडी कागदपत्रांतला ‘मुजाहीम’ आठवला, वाटेत आडवा येणारा, मुजाहीम न होणे, अर्थाने फार जवळचा शब्द, पण आज कोणाला कळणार, आणि मग आम्हीही एक न कळणारा लेटच ठेवून दिल्यासारखं झालं असतं. यावर वाद झाला. एकाचं म्हणणं होतं की मूळ इंग्रजीतही शब्द जुना आहे तर मराठीतही जुना असू दे, तोच खरा सारखेपणा. मला हे पटत नाही. कथा-कवितेत मी एक वेळ ऐकीन, पण पासपोर्टातली ओळ ही कोणीतरी अडचणीत असताना दुसऱ्याने वाचायची आहे, तिथे शब्द लगेच लागला पाहिजे. रोकटोक मराठीतही चालतं पण जरा बोलण्यातलं वाटलं. मुलीनेच शब्द काढला, ‘अटकाव’. अटकाव वा अडथळा, दोन्ही अ ने सुरू होणारे, दोन्ही थांबवणारे, आणि जोडी जोडीच राहिली.

मी मात्र त्यांना जाता जाता एक ओळ वाचून दाखवली, कारण ती सापडल्यापासून मला राहवत नव्हतं. बेओवुल्फ हे जुन्या इंग्रजीतलं सगळ्यात मोठं काव्य, त्याचं एकच हस्तलिखित उरलंय, साधारण इसवी सन १००० च्या आसपासचं, १७३१ च्या आगीत कडा जळालेलं, आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात नायक तरुणपणी समुद्रात पोहताना रात्रभर जलराक्षसांशी लढला त्याची हकीकत तो स्वतः सांगतो, आणि सकाळी ते राक्षस किनाऱ्यावर मरून पडलेले होते, त्यानंतर त्यांनी खोल पाण्यावरून जाणाऱ्या दर्यावर्दींची वाट कधी अडवली नाही, असं म्हणतो. त्या ‘वाट अडवली नाही’ ला मूळ शब्द आहेत ‘लादे ने लेट्टोन’. लादे म्हणजे प्रवास, ने म्हणजे न, आणि लेट्टोन हे आपल्या लेट्टनचंच भूतकाळातलं रूप. प्रवाशाची वाट अडवू नका हे सांगताना हजार वर्षांपूर्वीच्या त्या कवितेत जे क्रियापद आहे तेच आज मुलीच्या वडिलांच्या निळ्या पासपोर्टात आहे. काकूंनी ती ओळ देवनागरीत वहीत लिहून घेतली.

तर ठरलेलं मराठी असं झालं: ‘धारकास कोणताही अटकाव वा अडथळा न करता मोकळेपणी जाऊ द्यावे’. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, ते म्हणाले, ‘हां, आता बरोबर, आता व्हिसाशी भांडण नाही.’

आमच्याकडे शेवटची पायरी अशी असते की तयार झालेलं मराठी मूळ इंग्रजी न बघता दुसऱ्या कोणीतरी परत इंग्रजीत करायचं, म्हणजे काही गळलं असेल तर दिसतं. तो कागद कुरियरवाल्या मुलाकडे गेला. त्याने बराच वेळ घेतला, खोडलं, परत लिहिलं, आणि वही माझ्यापुढे सरकवली. ‘जाऊ द्यावे’ साठी त्याने लेट लिहिला होता आणि ‘अटकाव’ साठीही लेट: ‘लेट द बेअरर पास फ्रीली, विदाउट लेट ऑर हिंडरन्स’.